लाच आणि लालूच



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांना मी विषय कळवला तेव्हा त्यांचा उलट निरोप आला की, हा विषय भाषेचा आहे की कायद्याचा, ते सांगा, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत तसे छापता येईल. मी कळवले, पगाराचा आहे. ते थोर मनाचे गृहस्थ. त्यांनी काहीच न छापता नुसते शीर्षक छापले. तुम्ही एवढ्या संख्येने आलात ते बहुधा भाषाशास्त्राचे कोणी प्राध्यापक बोलणार आहेत अशा समजुतीने आला असाल. तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. त्या बाकावर बसून तारखेची वाट पाहण्यात माणसाचे जितके वाचन होते तितके कॉलेजात होत नसावे.

लाच आणि लालूच हे दोन शब्द कानाला जुळे वाटतात. बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा सहज टाकतो. 'त्याला लाच दाखवली' असेही लोक म्हणतात आणि 'त्याने लालूच घेतली' असेही म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. पण ही जुळी भावंडे नव्हेत. लाच हा शब्द जुना आहे. संस्कृतात उत्तरकाळी 'लञ्चा' आहे, प्राकृतात 'लंचा' आहे, आणि मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात तुम्ही तो पाहाल तर 'लांच' असा, डोक्यावर टिंब घेऊन बसलेला सापडेल. 1962 च्या लेखननियमांनी असली न उच्चारली जाणारी टिंबे काढून टाकली, त्यात लाचेचेही गेले. बाकी तिचे काही गेले नाही. लालूच हा शब्द हिंदीतल्या 'लालच' या शब्दाचा भाऊ. पण सख्खे भाऊही वेगळे राहू लागले की स्वभाव बदलतात. हिंदीत लालच माणसाच्या पोटात असतो, म्हणजे आपण ज्याला हाव म्हणतो ती. मराठीत लालूच बहुधा बाहेर असते, दुसऱ्याच्या हातात असते.

हे मी कशावरून म्हणतो? आमच्या वाचनालयात एक निवृत्त शिक्षक येत. त्यांनी मला सांगितले होते की, शब्दाचा स्वभाव कळावयाचा असेल तर तो कोणत्या क्रियापदाच्या घरी नांदतो ते पाहावे. लाच देतात, घेतात, मागतात आणि खातात. मराठी माणसाने खाण्याचे क्रियापद येथे घातले आहे ते उगीच नव्हे, कारण खाल्लेली वस्तू परत काढून दाखवता येत नाही. लालूच मात्र दाखवतात, किंवा लावतात. लालूच कोणी मागितली असे तुम्ही कधी ऐकले आहे काय? लालूच कोणी खाल्ली? तसे म्हणत नाहीत. लालुचीला माणूस बळी पडतो, भुलतो, किंवा भुलत नाही. म्हणजे लाचेत दोघे जण काम करीत असतात. लालुचीत काम करणारा एकच, आणि दुसरा कदाचित तिकडे पाहतही नसतो.

आता हा भेद पुस्तकी वाटेल. तो पुस्तकी नाही, याचे एक उदाहरण सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची जरुरी नाही.

एका इंजिनिअरिंग कारखान्यात आमच्या युनियनच्या कमिटीवर एक स्टोअरकीपर होता. भंगार बाहेर जाताना वजनकाट्याची चिठ्ठी आणि गेटपास यांवर त्याची सही लागे. मागणीपत्राची बोलणी चालू होती, आणि करारावर कामगारांचे मत घ्यावयाचे होते. मत घेण्याच्या आठवडाभर आधी व्यवस्थापनाच्या एका माणसाने त्याला हायवेवरच्या धाब्यावर गाठले. म्हणाला, तुमचा मुलगा आयटीआय होऊन घरी बसला आहे, त्याला चिकटवून घेऊ; तुम्हाला सुपरवायझर करू; तीन वर्षांऐवजी चार वर्षांचा करार होऊ द्या, एवढेच. हा गडी दुसऱ्या दिवशी गेटवरच्या सभेत उभा राहिला आणि सगळे बोलून मोकळा झाला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. करार तीन वर्षांचाच झाला.

दोन महिन्यांनी त्याला आरोपपत्र मिळाले. त्यात लिहिले होते की, तुम्ही भंगाराच्या ठेकेदाराकडून लालूच स्वीकारली. मी चौकशीत त्याचा बचाव प्रतिनिधी होतो. स्थायी आदेशांत गैरवर्तनाची जी यादी असते तिच्यात लाच देणे-घेणे हे गैरवर्तन आहे. लालूच हा शब्द तेथे नाही. आरोपपत्र लिहिणाऱ्याने तो शब्द अनवधानाने घातला असे मला वाटत नाही. लाच म्हटली की रक्कम सांगावी लागते, दिवस सांगावा लागतो, त्या बदल्यात कोणते काम झाले ते दाखवावे लागते. लालूच म्हटली की काहीच दाखवावे लागत नाही, आणि माणसाचे नाव मात्र तेवढेच खराब होते.

कंपनीच्या साक्षीदाराला मी विचारले, काय स्वीकारले? तो म्हणाला, ठेकेदार त्यांना नेहमी म्हणत असे की, तुमचे आम्ही बघू. बघितले काय? ते माहीत नाही. वजनाच्या चिठ्ठीत आणि काट्याच्या नोंदवहीत फरक सापडला काय? नाही. एखादी गाडी गेटपासशिवाय गेली काय? नाही. मग मी चौकशी अधिकाऱ्यांना म्हटले, साहेब, लालूच दाखवली गेली हे कबूल. पण ती ठेकेदाराने दाखवली. दाखवणाऱ्याचा गुन्हा पाहणाऱ्याच्या नावावर कसा लिहिता? साहेबांनी ते वाक्य नोंदीत घेतले, आणि आरोप सिद्ध झाला असा अहवाल दिला. कामगार न्यायालयाने तो अहवाल पुराव्याला सोडून आहे असे ठरवले. पण तोपर्यंत सहा वर्षे गेली होती. त्या सहा वर्षांत त्या माणसाने आठवडी बाजारात कांदे-बटाटे विकले. मागील पगार निम्मा मिळाला. धाब्यावर जी लालूच त्याला खरोखर दाखवली गेली होती, आणि जी त्याने सगळ्यांच्या देखत नाकारली होती, तिच्याबद्दल आरोपपत्र कोणालाच मिळाले नाही. ती कोणत्या यादीत बसत नव्हती.

येथे कोणी म्हणेल की, भेद सोपा आहे. पैसे हातात पडले की लाच, आणि नुसते वचन असेल तर लालूच. तसे नाही. 1947 चा लाचलुचपत प्रतिबंधक कायदा घ्या, किंवा त्याच्या जागी आलेला 1988 चा घ्या; लाच म्हणजे पैसाच असे कायदा म्हणत नाही. कायद्याच्या मराठीत 'परितोषण' असा एक भारदस्त शब्द भेटतो. त्यात पुतण्याची नोकरी आली, लग्नाच्या जेवणाचा खर्च आला, काशीयात्रा आली. आणि प्रत्यक्ष घेतलेच पाहिजे असेही नाही. लोकसेवकाने घेण्याचे कबूल केले तरी पुरे, मागितले तरी पुरे. तेव्हा भेद वस्तूत नाही, आणि वस्तू आज मिळते की उद्या, यातही नाही.

भेद आहे तो काय विकले जाते यात. लाच घेणारा स्वतःचे काही विकत नाही. तलाठ्याची सही त्याची नसते. ती आपण सर्वांनी त्याच्याकडे ठेवायला दिलेली असते. काट्यावरच्या माणसाचा काटा त्याचा नसतो. दुसऱ्याची ठेव तो विकतो, म्हणून ते चोरून करावे लागते. लालूच दाखवणारा मात्र माणसाची स्वतःची वस्तू मागतो. त्याचे मत, त्याची संगत, त्याची जागा, त्याचा उद्याचा हक्क. त्या वस्तूवर त्याची मालकी असल्यामुळे हा व्यवहार उजेडात होऊ शकतो. लाच टेबलाखालून येते. लालूच नोटीसबोर्डावर लावता येते, तिचा चेक देता येतो, त्यावर इन्कमटॅक्स कापता येतो.

आमच्या महाराष्ट्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती, आणि हे मी अभिमानाने सांगतो. 1971 साली येथे कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. धमकी देणे, काढून टाकण्याची भीती घालणे, हे तर त्यात आहेच; पण संघटना बांधली जात असता नेमक्या मोक्याच्या वेळी पगारवाढ देणे, हीही अनुचित प्रथा म्हणून तेथे लिहिली आहे. पगारवाढ देणे हा गुन्हा! प्रथम वाचले तेव्हा मी ते कलम दोनदा वाचले. आम्ही जन्मभर पगारवाढ मागतो, आणि कायदा म्हणतो की ती विशिष्ट वेळी, विशिष्ट हेतूने दिली तर ती अनुचित आहे. त्याच यादीत, कामगारांत बेबनाव व्हावा म्हणून काही जणांना लायकीशिवाय बढती देणे हेही आहे. तेथे लालूच हा शब्द नाही. पण कायदा करणाऱ्यांना ती वस्तू ठाऊक होती.

आता लाचेविषयी आमच्याच इतिहासातले थोडे सांगतो, कारण कामगाराला लाच नेहमी सरकारी कचेरीतच भेटली असे नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असे. कोकणातून, घाटावरून माणूस आला की त्याला कामावर घ्यावयाचे की नाही हे जॉबर ठरवी. कामावर घेताना तो पैसे घेई, पुढेही घेत राही, आणि त्या पैशाला दस्तुरी म्हणत. दस्तूर म्हणजे रीत. रीतच म्हटल्यावर कोण काय बोलणार? व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात ही गोष्ट स्पष्ट लिहिली, आणि नेमणुकीचा अधिकार जॉबराच्या हातून काढावा अशी शिफारस केली. 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांसाठी नोंदणीची पद्धत आणली, 1950 मध्ये सरकारी योजना आली. गोदीत 1948 चा कायदा आला; आमच्या हमाल-माथाडी बंधूंसाठी 1969 चा आला. या सर्व कायद्यांतील मुख्य गोष्ट एकच होती. भाषणे करून जॉबर सुधारला नाही. काम वाटणारी वही त्याच्या हातून काढून घेतली, तेव्हा दस्तुरी कमी झाली.

दस्तुरीचा विषय निघाला म्हणून सांगतो, लाचेला आपण जितकी लाडकी नावे ठेवली आहेत तितकी घरच्या मुलाला ठेवत नाही. चहापाणी, चिरीमिरी, खुशाली, फायलीवर वजन. त्यात 'चिरीमिरी' हा शब्द मला फार धोक्याचा वाटतो. इतका लहानगा, गोंडस शब्द आहे की त्याला रागे भरवत नाही. आणि सरकारी पाटीवर पाहा, 'लाचलुचपत'. ही लुचपत एकटी कोठे भेटत नाही; लाचेचा पदर धरूनच ती फिरते. असो.

लाचेचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे. तिचा डाग पडतो. सापळा लावताना पंचांसमक्ष नोटांना अँथ्रासीनची किंवा फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावतात. पहिली नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली बोटे चमकू लागतात. दुसरी असली तर सोड्याच्या पाण्यात हात बुडवताच पाणी गुलाबी होते. लालुचीसाठी अशी भुकटी कोणी काढलेली नाही. धाब्यावर बोललेल्या शब्दाने कोणाची बोटे गुलाबी होत नाहीत.

देणाऱ्याचे काय, असे पुष्कळ लोक मला विचारतात. 2018 साली 1988 च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. पण ज्याच्याकडून ती बळजबरीने घेतली गेली, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर त्याला गुन्हेगार धरत नाहीत. ही सात दिवसांची गोष्ट आपल्या घरातील वृद्धांना सांगून ठेवा. निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी पाचशे रुपये देणारी विधवा आणि रस्त्याच्या कामात खडी कमी घालण्यासाठी पाच लाख देणारा ठेकेदार हे दोघेही 'देणारे' आहेत. पण एकीचे अडलेले असते, आणि दुसऱ्याला दुसऱ्याचे अडवायचे असते. कायद्याने हा फरक थोडा तरी ओळखला, ही चांगली गोष्ट झाली. मात्र सात दिवस फार थोडे आहेत असे माझे मत आहे. ज्या कचेरीत पुन्हा जावयाचे आहे तेथील माणसाविरुद्ध सात दिवसांत तक्रार करणे हे पांढरपेशा माणसालाही जमत नाही.

लालुचीकडे परत येतो, कारण मला तिच्याविषयी जास्त बोलावयाचे आहे. लाचेविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत.

1982 चा गिरणी संप झाला तेव्हा मी 12 वर्षांचा होतो. पुढे मी कामाला लागलो तेव्हा एक नवा कागद नोटीसबोर्डावर दिसू लागला होता, स्वेच्छानिवृत्तीचा. यात सर्वच लालूच होती असे मी म्हणणार नाही. ग्रॅच्युइटी आणि फंड ही कामगाराची स्वतःची कमाई होती. काहींना खरोखर गावी जावयाचे होते. पण त्या नोटिशीत एक ओळ असे. अमुक तारखेच्या आत अर्ज केल्यास रक्कम जास्त, त्यानंतर कमी. मी अशा नोटिसा जमवून ठेवल्या आहेत. ज्या देण्याला मुदत असते आणि ती मुदत घरात, सोबत्यांत, युनियनमध्ये विचार करायला पुरू नये इतकी आखूड असते, तेथे लालूच आहे असे मी समजतो. माणसाला एकटे पाडून, घाईत, रात्रभर जागवून उत्तर घ्यावयाचे हीच तिची पद्धत. एका बाईने मला सांगितले होते की, तिच्या नवऱ्याने अर्ज दिला तो तिला शेवटच्या पगाराच्या दिवशी कळला. त्या पैशातून टेम्पो घेतला, तो वर्षभर चालला.

आज हे सर्व मोबाइलवर आले आहे. घरोघर जेवण पोचवणारी पोरे आमच्याकडे येतात. ती सांगतात की, इतक्या फेऱ्या पुऱ्या केल्या तर वर इतके मिळतील असे पडद्यावर दिसते, आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्या राहिल्या की काम येईनासे होते. मुद्दाम होते की कसे, ते त्यांना कळावयाचे साधन नाही. हिशेबाचे यंत्र दुसऱ्याच्या घरी आहे. जॉबर निदान डोळ्यांना दिसत असे, चाळीच्या खाली त्याला गाठता येत असे.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ मालकांचेच सांगतो. युनियनचे काय? सांगतो. कामगार पुढारी लोकसेवक नाही. पण त्याच्याकडेही ठेव असते. करारावर सही करण्याचा अधिकार त्याला सभासदांनी दिलेला असतो. त्याने मालकाकडून पाकीट घेऊन सही केली, तर माझ्या मते ती सरळ लाच आहे, मग कायदा तिला काहीही म्हणो. आणि पाकिटाने सुरुवात होत नाही, हेही मी पाहिले आहे. सुरुवात होते ती वेगळ्या खुर्चीने. बोलणीला गेले की इतर बाहेर थांबतात आणि एकालाच आत बोलावतात. चहा कपबशीतून येतो. साहेब त्याला 'तुम्ही समंजस आहात' असे म्हणतात. एवढेच. पैशाचा संबंध नाही. पण बाहेर आल्यावर तो 'आपण' म्हणायच्या जागी 'तुम्ही लोक' म्हणू लागतो. म्हणून आमच्या युनियनमध्ये नियम आहे की बोलणीला कोणी एकट्याने जावयाचे नाही, अगदी अध्यक्षांनीही नाही. काही चांगल्या माणसांना हा नियम अपमानाचा वाटला आणि ते सोडून गेले. तरी तो आम्ही बदललेला नाही.

लोभ हा शब्द मी आतापर्यंत बाजूला ठेवला, त्याला कारण आहे. मराठीने या शब्दावर मोठी कृपा केली आहे. षड्रिपूंत बसलेला हा शत्रू आपण पत्राच्या शेवटी बोलावतो आणि 'लोभ असावा' म्हणून विनवतो. लोभ म्हणजे माया. तेव्हा लोभ सुटला पाहिजे, असा उपदेश मी तरी करणार नाही. कामगाराला लोभ असावा, चांगल्या घराचा, मुलीच्या शिक्षणाचा, रविवारच्या मटणाचा. माणसाच्या या साध्या इच्छा ओळखूनच लालूच रचली जाते. स्टोअरकीपरला सोन्याचे कडे दाखवले नव्हते. घरी बसलेल्या मुलाची नोकरी दाखवली होती. ती इच्छा त्याने बाळगली यात त्याची चूक कसली?

शेवटी निवडणुकीचा प्रश्न, कारण तो तुम्ही विचारणारच. मताला दिलेले पैसे ही लाच की लालूच? मघाच्या माझ्या हिशेबाने मत ही माणसाची स्वतःची वस्तू, म्हणून ती लालूच ठरावी. पण कायदा 1920 पासून तिला लाच म्हणतो. त्या साली दंडसंहितेत निवडणुकीचे गुन्हे घातले गेले, आणि 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानेही ती भ्रष्ट आचाराच्या यादीत पहिली ठेवली. म्हणजे मत देणारा हा त्या दिवसापुरता एका पदावर बसलेला आहे, त्याच्याकडे सर्वांची ठेव आहे, असे कायदा मानतो. निवडून गेलेल्यांबाबत हाच प्रश्न मोठ्या न्यायालयापुढे गेला होता. सभागृहात मत देण्यासाठी पैसे घेतलेल्या सभासदाला विशेषाधिकाराचे संरक्षण आहे असे 1998 साली ठरले. 2024 च्या मार्चमध्ये सात न्यायाधीशांनी ते पुसून टाकले आणि असे संरक्षण नाही असे सांगितले. त्याला सव्वीस वर्षे लागली.

हे मी आमच्या वस्तीत सांगत होतो तेव्हा एक धुणीभांडी करणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, तो आमच्याच पट्टीचे पैसे आम्हाला परत देतो, मग ही लाच कशी?" मी कायदा सांगितला. त्या म्हणाल्या, "कायदा राहू द्या. पाण्याचा नळ द्या म्हटले तर नाही म्हणतो, आणि न मागता हे पैसे आणून देतो. ते का, तेवढे सांगा." मला जे बोलावयाला तासभर लागला ते त्या बाईंनी एका प्रश्नात विचारले होते. त्या वर्षी त्या गल्लीतल्या बायकांनी नळाचा अर्ज लिहून आणला आणि पैसे वाटायला आलेल्या पोराच्या हातात दिला. म्हणाल्या, यावर साहेबांची सही आण, मग बघू. नळ अजून आलेला नाही. अर्जाची पोच मात्र आमच्या कचेरीत लावून ठेवलेली आहे.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, आणि समोर काही हात वर झालेले दिसतात. तेव्हा प्रश्न घेऊ.